धरणं भरली तरी गोवंडीत गॅलन विकत का घ्यावा लागतो?

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी चार-पाच दिवस संप केला. विहिरी आणि बोअरवेलसाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवानगीची अट त्यांना मान्य नव्हती. सोसायट्या, हॉटेलं, बांधकामं अडली. शेवटी महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा पुढे केला आणि संप मिटला. त्या आठवड्यात वर्तमानपत्रं पाण्याच्या बातम्यांनी भरलेली होती. गोवंडी, मानखुर्द, मालवणीतल्या वस्त्यांमध्ये मात्र त्याही आठवड्यात माणसं नेहमीसारखीच निळे गॅलन, म्हणजे पाण्याचे मोठे कॅन, पैसे मोजून भरत होती. हे बारा महिने चालतं, म्हणून त्याची बातमी होत नाही.

अशा वस्त्यांसाठी काही करायचं म्हटलं की एक सरकारी छापाचं वाक्य कानावर येतं: ‘गरिबांच्या पाणी आणि स्वच्छता सेवा सुधारण्यासाठी सरकारला साहाय्य.’ जागतिक बँक, विकास बँका, देणगीदार संस्था, स्वयंसेवी संस्था, सगळे हेच म्हणतात. पण सरकारला साहाय्य म्हणजे काय? पैसे देणं? नळ टाकून देणं? आणि मुंबईसारख्या श्रीमंत शहराला ते कशासाठी हवं? हे समजायचं तर आधी शहराच्या पाण्याचा हिशोब पाहावा लागेल.

पाणी खरंच कमी आहे का?

मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. पहिला विहार १८६० चा, शेवटचा मध्य वैतरणा २०१४ चा. सातही काठोकाठ भरले की सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर साठा होतो. (एक दशलक्ष लिटर म्हणजे दहा लाख लिटर.) त्यातून शहराला रोज साधारण ३,८५० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी येतं. लोकसंख्या १ कोटी ३० लाख धरली, तर माणशी तीनशे लिटरच्या आसपास.

यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेत हरवतो. फुटक्या जलवाहिन्या, चोरी, बंद किंवा चुकीचे मीटर अशा कारणांनी जे पाणी सोडलं जातं पण ज्याचं बिल होत नाही, त्याला हिशेबबाह्य पाणी म्हणतात. ते वगळलं तरी माणशी दोनशे लिटरच्या घरात पाणी उरतं. त्यातलं काही कारखाने, हॉटेलं, कार्यालयांना जातं हे खरं. पण शहरी माणसासाठी आपल्याकडे धरलेलं मानक दिवसाला १३५ लिटर आहे. म्हणजे हिशोब ओढाताणीचा असला तरी अशक्य नाही.

वाटप मात्र सारखं नाही. इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर धरून महापालिकेचं नियोजन वर्षानुवर्षं होत आलं. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहतात. एवढ्या माणसांचा माणशी वाटा कागदावरच इमारतीतल्यांच्या एक तृतीयांश, आणि प्रत्यक्षात तेवढंही पोचेल याची खात्री नाही.

दीडशेहून अधिक वर्षं शहराला एक सवय लागली आहे. पाणी कमी पडलं की आणखी लांबचं धरण शोधायचं. आता गारगाई प्रकल्पाची आणि मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याची योजना आहे. नवं पाणी लागेल, यात वाद नाही. पण शंभर किलोमीटरहून लांबून आणलेलं पाणी ज्या गल्लीपाशी येऊन थांबतं, तिथून पुढचं अंतर धरण बांधून कमी होत नाही.

मग नळ अडतो कुठे?

कागदावर. झोपडी कधीपासूनची आहे, याच्या पुराव्यावर नळ मिळणार की नाही हे ठरत आलं. ही तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, नंतर २००० झाली, पुनर्वसनासाठी पुढे २०११ पर्यंत आली. तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, असं धोरण १९९६ पासून होतं. त्याविरुद्ध पाणी हक्क समिती न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. कायदेशीर घराइतकं पाणी दिलंच पाहिजे असं न्यायालयाने म्हटलं नाही, जास्त दर लावायलाही मोकळीक ठेवली. पण धोरण करा, हे बजावलं. त्यानंतर महापालिकेला ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणायला २०२२ चा मे महिना उजाडला.

धोरण आलं म्हणून नळ आला असं होत नाही. वस्तीत बहुतेकदा एका घराला वेगळी जोडणी मिळत नाही. पाच-दहा घरांनी गट करायचा, एक सेक्रेटरी नेमायचा, सगळ्यांचे कागद गोळा करायचे आणि लायसन्स असलेल्या प्लंबरमार्फत वॉर्ड ऑफिसात अर्ज करायचा. रेशन कार्ड एकाच्या नावावर, घर दुसऱ्याच्या, मतदार ओळखपत्र गावचं, असं निघालं की फाईल तिथेच बसते. जमीन रेल्वेची, बंदराची, विमानतळाची किंवा वनखात्याची असली तर त्या मालकाच्या ना हरकत दाखल्याचा प्रश्न येतो. तो दाखला मागायचा कोणी आणि द्यायचा कोणी, यातच वर्षं जातात.

तोवर तहान थांबत नाही. वस्तीत साधारण ३५ लिटरचा गॅलन मिळतो. तो २० रुपयांना पडतो असं धरू. उन्हाळ्यात याहून जास्तही पडतो. म्हणजे हजार लिटरला जवळपास ५७० रुपये. महापालिकेचा घरगुती दर वस्तीत आणि इमारतीत हजार लिटरला पाच ते सात रुपयांच्या आसपास आहे. ज्याला नळ नाही, तो शंभर पट दाम मोजतो. शिवाय गॅलन वाहून आणायला घरातल्या कोणाचा तरी वेळ जातो, आणि ते कोणी बहुतेक घरांत बाई किंवा शाळेत जाणारी मुलगी असते.

गटारातून जाणारा नळ

ज्यांना जोडणी मिळते, त्यांच्याही नळाकडे जवळून पाहायला हवं. महापालिकेची मोठी लाइन वस्तीच्या तोंडाशी, रस्त्यावर असते. तिथून घरापर्यंतचा बारीक पाइप गटाने आपल्या खर्चाने आणायचा. गल्ली इतकी अरुंद की पाइप टाकायला जागा एकच, गटाराची कड. त्यामुळे अनेक वस्त्यांत दहा-वीस बारीक पाइपांचा जुडगा काळ्या पाण्यातून गेलेला दिसतो. गंजलेले, ठिकठिकाणी रबराच्या ट्यूबने बांधलेले. पहाटे चार-साडेचारला चावीवाला, म्हणजे महापालिकेचा व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी, पाणी सोडतो. दोनेक तास पाणी येतं, मग बंद.

खरं दुखणं या ‘मग बंद’मध्ये आहे. पाइपात दाबाने पाणी वाहत असतं तेव्हा चिरेतून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की दाब जातो, पाइप रिकामा होतो आणि त्याच चिरेतून बाहेरचं गटाराचं पाणी आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं तेव्हा पहिला लोंढा ही घाण घेऊन घरात येतो. त्यात दाब कमी म्हणून लोक मोटर लावतात. मोटर पाण्याबरोबर घाणही ओढते आणि शेजारच्या गल्लीचं पाणी पळवते. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी स्वच्छ निघालं आणि घरात गढूळ पोचलं, यात विरोधाभास काही नाही.

म्हणूनच चोवीस तास पाणी ही चैन नाही. पाइपात दाब कायम राहिला तर घाण आत शिरत नाही. पाणी येणार याची खात्री असली की लोक ड्रम भरून ठेवत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतूनही देत नाहीत.

शौचालय बांधलं, पुढे?

पाण्यासारखीच गोष्ट शौचालयाची, आणि इथे मुंबईकडे स्वतःचा मोठा अनुभव आहे.

बरीच वर्षं वस्त्यांमध्ये शौचालयं म्हाडामार्फत किंवा आमदार-खासदार निधीतून बांधली गेली. फीत कापली जायची, फोटो निघायचा, आणि वर्ष-दोन वर्षांत दरवाजे तुटलेले, दिवा गेलेला, टाकी भरलेली. पाण्याची लाइन कोणी आणायची, मैला कोणी उपसायचा, विजेचं बिल कोणी भरायचं, हे ठरलेलंच नसायचं. बिल्डरने लिफ्ट बसवून दिली आणि तिचा मेंटेनन्स कोणी करायचा, हे सोसायटीने ठरवलंच नाही तर जे होईल, तेच झालं.

१९९५ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई मलनिस्सारण प्रकल्प सुरू झाला. त्याचा एक भाग म्हणून महापालिकेने वस्ती स्वच्छता कार्यक्रम हाती घेतला. त्यात क्रम उलटा केला होता. आधी वस्तीने संस्था स्थापन करून नोंदवायची. प्रत्येक प्रौढाने १०० रुपये, एका कुटुंबाचे जास्तीत जास्त ५००, वर्गणी भरायची. मग महापालिका शौचालय बांधणार, पाणी आणि वीज जोडणार, आणि पुढची देखभाल वस्तीची संस्था करणार. स्पार्क, महिला मिलन यांच्यासारख्या संघटना यात उतरल्या. २००५ पर्यंत तीनशेहून जास्त शौचालयं उभी राहिली. काहींच्या माथ्यावर देखभाल करणाऱ्याला राहायला खोली, कुठे बालवाडीला जागा. चांगली चाललेली शौचालयं आजही दाखवता येतात.

न चाललेलीही आहेत. कुठे संस्था एका माणसाच्या खिशात गेली, कुठे पाण्या-विजेचं बिल व्यावसायिक दराने आलं आणि वर्गणीत बसेना. सर्वांत मोठी उणीव ही की वस्तीकडे शौचालय सोपवलं आणि महापालिकेने अंगही काढून घेतलं. सेप्टिक टँक दुरुस्त करणं हे दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या लोकांच्या वर्गणीचं काम नव्हे. मानखुर्दला २०१७ मध्ये आणि भांडुपला २०१८ मध्ये शौचालयाची जमीन खचून माणसं टाकीत पडली आणि मेली. सकाळी शौचाला गेलेली माणसं घरी परतली नाहीत. यापेक्षा वाईट सेवा कोणती असेल?

शौचालयात एका वेळेला माणशी तीन रुपये घेतले जातात असं धरलं, तर पाच जणांच्या घराला दिवसाला एकदाच गेलं तरी महिन्याला ४५० रुपये पडतात. म्हणून मुलांना उघड्यावर बसवलं जातं आणि बाया पाणी कमी पितात. स्वच्छ भारत अभियानाचं मानक ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक शौचकूप असं आहे. ज्यांनी सकाळी सातची रांग पाहिली आहे, त्यांना मोजणीची गरज पडणार नाही. रात्री दिवा नसलेल्या शौचालयात जायला बाई घाबरते, पाळीच्या दिवसांत कचऱ्याचा डबाही नसतो. ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्या २०११ पासून हेच सांगत आल्या आहेत.

तर साहाय्य म्हणजे नेमकं काय?

बाहेरून कोणी येऊन नळ टाकला, शौचालय बांधलं आणि निघून गेलं, तर ती सरकारला मदत नव्हे. ते सरकारला वगळून केलेलं काम. ते करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, पण लाखो घरांना ते पुरत नाही. साहाय्य म्हणजे ज्या खात्याचं हे काम आहे, त्याला ते करता येईल अशी स्थिती आणणं: वस्त्यांचे नकाशे, जोडणीचे सोपे नियम, गळती शोधणारी माणसं, बिलाची पद्धत, तक्रारीची दखल. दिसायला अगदी रुक्ष कामं.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह पाहा. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात १९९३ मध्ये ७२ टक्के पाणी हिशेबबाह्य होतं. ‘एक सोन चान’ नावाचे अधिकारी पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपान, फ्रान्स यांचा पैसा आणि तंत्रज्ञ आले, पण कारभार सरकारी संस्थेचाच राहिला. मीटर बसले, बड्यांची थकबाकी वसूल झाली, चोरून जोडणी देणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. गरीब घरांना जोडणीचा खर्च हप्त्याने आणि सवलतीत मिळाला. गळती दहा टक्क्यांच्या खाली आली आणि चोवीस तास पाणी सुरू झालं.

आपल्याच देशात ओडिशाने पुरीमध्ये २०२१ पासून चोवीस तास, थेट नळाचं पिण्याजोगं पाणी सुरू केलं. तिथे बचत गटांतल्या बायका ‘जलसाथी’ म्हणून घरोघर मीटर वाचतात, बिल गोळा करतात, पाणी तपासतात, नव्या जोडणीचा अर्ज भरून देतात. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी हेलपाटे घालण्याऐवजी खातंच दाराशी येतं. अहमदाबादेत १९९५ च्या सुमारास महापालिकेने वस्त्यांमध्ये पाणी, गटार, शौचालय दिलं. कुटुंबाने दोन हजार रुपयांचा वाटा उचलला आणि महापालिकेने दहा वर्षं वस्ती हलवणार नाही असा शब्द दिला. तेवढ्या शब्दावर लोकांनी घराला पैसे लावले. पुण्यात शेल्टर असोसिएट्स ही स्वयंसेवी संस्था वस्तीतल्या एकेका घराचा नकाशा बनवून महापालिकेपुढे ठेवते, शौचालयाचं सामान दारात पोचवते आणि बांधकाम कुटुंब करतं.

या सगळ्यांत पैशाइतकंच महत्त्व नियम बदलण्याला आहे.

एवढी श्रीमंत महापालिका, तिला कसली मदत?

आक्षेप रास्त आहे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. तिला दानाची गरज नाही. पण पैसा मोठ्या कामांकडे वाहतो: बोगदे, धरणं, प्रकल्प. त्यांचं टेंडर निघतं, त्यांना मुदत असते. गोवंडीच्या गल्लीतला पाइप गटारातून वर उचलण्याचं टेंडर क्वचितच निघतं. वॉर्डातले अभियंते मोजके आणि त्यांच्या हाती वस्तीचा धड नकाशा नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि मग कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात वस्तीतल्या बाईने तक्रार घेऊन जायचं ते दारही बंद होतं. मुंबईला लागणारं साहाय्य हे माहितीचं, पद्धतीचं आणि लोकांच्या बाजूने दबाव टिकवण्याचं आहे.

अनधिकृतांना पाणी दिलं तर वस्त्या वाढतील

हे खूप ऐकू येतं आणि बोलणाऱ्याला मनापासून तसं वाटतं. पण लोक मुंबईत येतात ते कामासाठी. १९९६ पासून जवळजवळ पंचवीस वर्षं पाणी नाकारून पाहिलं, वस्त्या थांबल्या नाहीत. झालं एवढंच की पाणीविक्रीचा धंदा फोफावला. जोडणी दिली म्हणजे जमीन दिली असंही नाही. न्यायालयाने पाण्याचा हक्क आणि जागेचा हक्क वेगळे ठेवले आहेत. आणि कॉलरा, कावीळ झोपडीचा पुरावा मागून पसरत नाहीत. वस्तीतला माणूसच इमारतीत स्वयंपाक करतो, गाडी चालवतो, मुलं सांभाळतो.

फुकट देऊन सवय लावायची का?

वस्तीतला माणूस आज फुकट घेतच नाही, शंभर पट दराने घेतो. त्याला बिल द्या, तो भरेल. बिल म्हणजे त्याच्याकडे पहिल्यांदा एक अधिकृत कागद येतो, हेही त्याला कळतं. अडचण जोडणीच्या एकरकमी खर्चाची असते. तो हप्त्याने घ्यावा. अनुदान द्यायचंच तर ठेकेदाराला पाइप टाकल्याबद्दल देऊ नये, घरात ठरावीक महिने पाणी आल्यावर द्यावं. याला निकालावर आधारित अनुदान म्हणतात, आणि वस्तीच्या कामांत ते सर्वांत आधी यायला हवं.

बाहेरचा पैसा आला की खासगीकरण येतं?

ही भीती मुंबईने अनुभवातून शिकली आहे. २००६ च्या सुमारास जागतिक बँकेशी जोडलेल्या निधीतून के-पूर्व, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरी-विलेपार्ले पूर्वच्या वॉर्डात एका परदेशी सल्लागार कंपनीने पाणीवाटपाचा अभ्यास केला. त्यातून खासगी कंपनीकडे कारभार देण्याचा रस्ता निघतो आहे, असं दिसताच नागरिक, कामगार संघटना आणि स्वतः अभियंतेही विरोधात उभे राहिले. तो बेत बारगळला. मला तो विरोध योग्य वाटतो. ज्यांच्या गल्लीचा प्रश्न होता, त्यांना विचारल्याशिवाय अहवाल तयार होत होता. पण त्यानंतर वॉर्डातली गळती आणि कमी दाब आपोआप गेला नाही. नॉम पेन्हने दाखवलं की बाहेरचा पैसा घेऊनही कारभार सरकारी ठेवता येतो. अट एवढी की अहवाल मराठीत आणि हिंदीत लोकांपुढे ठेवायचा, दर कसे ठरणार हे आधी सांगायचं आणि करार उघडे ठेवायचे.

सात नवी केंद्रं आणि वस्तीची टाकी

सध्या मुंबईत सांडपाणी प्रक्रियेचं फार मोठं काम सुरू आहे. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथल्या सात केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. एकूण क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर, खर्च सतरा हजार कोटींच्या आसपास. समुद्र आणि खाडीसाठी हे काम व्हायलाच हवं होतं.

पण केंद्र तेवढाच मैला शुद्ध करतं, जेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. वस्तीतली असंख्य शौचालयं मलनिस्सारण वाहिनीला जोडलेलीच नाहीत. त्यांची टाकी भरली की वरचं पाणी नाल्यात जातं आणि नाला खाडीत. घाटकोपरच्या केंद्राला मानखुर्द-गोवंडीतली किती शौचालयं जोडणार, धारावीच्या केंद्राला धारावीतलीच किती, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या खर्चाने, याची वॉर्डवार यादी महापालिकेने जाहीर करायला हवी. ती अजून मागितली गेली नसेल तर आपल्या वॉर्ड ऑफिसात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून मागता येते. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवस.